बाईने निवांत बसावं अशी जागा

पुरुषांनी अनोळखी बाईशी आपणहून ओळख काढायची नाही. बाईला वाटलं तर तिने खुशाल बोलावं, किंवा बारटेंडरला सांगून ओळख करून घ्यावी. आणि कुणी अनोळखी पुरुष बोलायला आलाच, तर तिने हनुवटी जराशी वर करावी आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करावं.

हे एका बारचे नियम आहेत. साशा पेट्रास्के नावाच्या तरुणाने ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात, १३४ एल्ड्रिज स्ट्रीटवर 'मिल्क अँड हनी' सुरू केला, तेव्हाचे. पुढे आणखीही होते. आरडाओरडा नाही. मोठ्या लोकांची नावं घेऊन भाव खायचा नाही. पुरुषांनी टोपी काढायची. ज्याला आपल्या घरात एकटं सोडायची आपली तयारी नाही, अशा माणसाला बरोबर आणायचं नाही. निघताना भरभर आणि गुपचूप निघायचं, कारण रस्त्यापलीकडची माणसं झोपायच्या बेतात असतात.

"मावशी, आधी हे वाच. मग येतेस का सांग," म्हणत भाचीने फोन माझ्या हातात दिला होता. ती न्यूयॉर्कजवळच्या जर्सी सिटीत राहते. मी तिच्याकडे गेले होते, आणि ती मला एका छुप्या बारमध्ये न्यायचं म्हणत होती. अमेरिकेत त्याला स्पीकईझी म्हणतात. बार हा शब्द ऐकून माझ्या कपाळाला आठी पडलेली तिने पाहिली असणार. नियम वाचून संपले आणि मी येते म्हणाले.

पेट्रास्केच्या बारला पाटी नव्हती. फोन नंबर कुठल्या डिरेक्टरीत नव्हता. ज्याच्याकडे नंबर असेल त्याने आधी फोन करून जागा राखून ठेवायची, मगच यायचं. ऐकणाऱ्याला हा रुबाब वाटेल, पण कारण अगदी साधं होतं. जागा भाड्याने घेताना त्याने घरमालकाला शब्द दिला होता की शेजाऱ्यांना त्रास होणार नाही. दारासमोर रांग नको, रात्री दोन वाजता फुटपाथवर गोंगाट नको, म्हणून पाटी नको. बारचा बाकी नमुना त्याला जवळच, ईस्ट व्हिलेजमध्ये, एंजल्स शेअर या जपानी बारमध्ये सापडला होता. तो बार एका जपानी रेस्टॉरंटच्या आतल्या साध्या दारामागे होता. चारांपेक्षा मोठा घोळका घेत नसत, आणि उभं राहून कुणाला प्यायला देत नसत.

हा उभं न राहण्याचा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याकडे येतेच.

मिल्क अँड हनी आता नाही. तो आधी दुसरीकडे हलला, मग बंद झाला, आणि पेट्रास्के २०१५ साली अवघ्या ४२ व्या वर्षी गेला. त्याच्या जुन्या जागेत त्याच्याच तालमीत तयार झालेल्या सॅम रॉस आणि मायकल मॅकिलरॉय यांनी 'अटाबॉय' सुरू केला. भाचीने जागा राखली होती ती मात्र 'पीडीटी'त. पूर्ण नाव 'प्लीज डोन्ट टेल'. हा २००७ पासूनचा.

सेंट मार्क्स प्लेसवर ११३ नंबरला क्रिफ डॉग्ज हे हॉट डॉगचं दुकान आहे. बाहेर एक मोठा थोरला हॉट डॉग टांगलेला. चार पायऱ्या उतरून आत गेलं की तळणीचा वास, कॉलेजची मुलं, हातात कागदाच्या ट्रे. डावीकडे लाकडी फोन बूथ आहे, जुन्या काळी रस्त्यावर असायचे तसा. आम्ही दोघी त्यात शिरलो तर दार जेमतेम लागलं. भाचीने रिसीव्हर उचलला आणि पलीकडच्या मुलीला नाव सांगितलं. बूथची भिंतच दार होऊन उघडली.

आत काळोख नव्हता. मंद, पिवळा, माणसाचा चेहरा नीट दिसेल इतका उजेड होता. छत बुटकं, भिंती विटांच्या, त्यांवर पेंढा भरलेले प्राणी. सुरुवातीची बरीच वर्षं इथली पद्धत अशी होती की दुपारी तीन वाजता फोन सुरू व्हायचा आणि त्याच रात्रीच्या जागा दिल्या जायच्या. लोक तीनच्या ठोक्याला नंबर फिरवत बसायचे. आता हे कामही इंटरनेटवर होतं. दारातल्या मुलीने आमची ओळखपत्रं पाहिली. माझा पासपोर्टसुद्धा. पांढऱ्या केसांना सवलत नाही, आणि ते मला बरं वाटलं. मग तिने आम्हाला बारच्या उंच खुर्च्यांवर बसवलं आणि पाण्याचे ग्लास ठेवले. बसताना माझी पर्स कुठे ठेवू म्हणून मी इकडेतिकडे बघत होते, तर तिने बारच्या खालचा हुक दाखवला.

भाचीने मागवलं ते 'बेंटन्स ओल्ड फॅशन्ड'. हे इथलं सगळ्यात गाजलेलं पेय, इथल्याच डॉन ली या बारटेंडरने बसवलेलं. टेनेसी राज्यात मॅडिसनव्हिलला अ‍ॅलन बेंटन यांचा धुरावर मांस मुरवण्याचा व्यवसाय आहे. त्यांच्या बेकनची, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाची, वितळलेली चरबी बर्बन या अमेरिकन व्हिस्कीत ओततात, काही तास तशीच ठेवतात आणि मग सगळं फ्रीजरमध्ये टाकतात. थंडीत तूप थिजतं तशी चरबी वर थिजते. ती काढून बर्बन गाळून घेतला की चरबी जाते, धुराचा वास मात्र राहतो. त्यात मेपल सिरप आणि अँगोस्टुरा बिटर्स या कडू अर्काचे थेंब. आमच्यासमोरच्या मुलीने हे बर्फावर लांब दांडीच्या चमच्याने ढवळलं, आणि ढवळताना चमच्याचा आवाज येत नव्हता. चमचा ग्लासच्या कडेला टेकवून फिरवायचा असतो. आतला बर्फ एकसंध फिरतो, ठोकला जात नाही. वेळोवेळी ती एक थेंब चाखून बघायची. मग एकच मोठा बर्फाचा चौकोन असलेल्या ग्लासात गाळलं, संत्र्याच्या सालीचा तुकडा वर धरून चिमटला आणि आत टाकला. साल चिमटताना तेलाचा फवारा उडाला तो दिव्याच्या उजेडात मला स्पष्ट दिसला.

मी स्वतःसाठी लिंबू, मध आणि आल्याचं काहीतरी द्या म्हणाले. तिने 'पेनिसिलिन' दिलं. हे त्या सॅम रॉसने २००५ साली मिल्क अँड हनीत बसवलेलं: स्कॉच, लिंबाचा रस, मध-आल्याचा पाक, आणि वरून स्कॉटलंडमधल्या आयला बेटावरच्या धुरकट व्हिस्कीचा पातळ थर. तोंडाजवळ नेलं की आधी धूर, मग आलं. तेवढं एकच मी सावकाश प्यायले. कुणी घाई केली नाही, कुणी "आणखी एक?" असं विचारत मागे लागलं नाही. हॉट डॉग मात्र शेजारच्या दुकानातून भिंतीतल्या खिडकीतून येत होते, ते आम्ही मागवले.

मला जे सांगायचंय ते पेयाचं नाही. तासभर झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की माझ्या पाठीमागे कुणी उभं नव्हतं.

गर्दीच्या ठिकाणी बाईचं अर्धं लक्ष पाठीत असतं. लोकल असो, जत्रा असो, लग्नाची पंगत असो. कोपर कुठे ठेवायचं, पर्स कुठे धरायची, कोण किती जवळ आलंय. ज्या बारमध्ये खुर्च्या वीस आणि माणसं ऐंशी असतात, तिथे बाईला खुर्ची मिळाली तरी बसता येत नाही. दर मिनिटाला कुणीतरी तिच्या खांद्यावरून हात घालून ग्लास उचलणार. इथे जेवढ्या खुर्च्या तेवढीच माणसं आत येतात. म्हणून तर आधी फोन, आधी नाव, आधी वेळ. राखीव जागेचा हा उपयोग मला आजवर कुणी सांगितला नव्हता. लोक सांगतात ते फोन बूथचं, गुप्त दाराचं, त्या गमतीचं. ती गंमत पहिल्या पाच मिनिटांची. पुढचे दोन तास खुर्ची आपली असते.

माझं लहानपण गिरगावात गेलं. आमच्या चाळीच्या कोपऱ्यावर परमिट रूम होतं. काळ्या काचेचं दार, वर लाल बल्ब, दार उघडलं की आतून थंड हवेचा आणि तळलेल्या बोंबलाचा भपका. आई आम्हाला घेऊन आधीच रस्ता ओलांडायची. आतलं मी कधी पाहिलं नाही, पण दाराबाहेर चखण्याचे कागद पडलेले असायचे, चणे-शेंगदाण्याचे, आणि क्वार्टरच्या रिकाम्या बाटल्या गोळा करणारा मुलगा सकाळी यायचा. खालच्या मजल्यावरच्या काकू पगाराच्या दिवशी संध्याकाळी चाळीच्या दारात उभ्या राहायच्या. काकांनी कोपऱ्यावर वळू नये म्हणून. ते वळायचेच. मग रात्री काय व्हायचं ते सगळ्या मजल्यांना ऐकू यायचं.

परमिट रूम हे नाव कायद्याने दिलेलं आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला तेव्हा मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री होते. दारू हवी असेल तर परवाना काढायचा, डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडायचं. साठच्या दशकापासून बंदी सैल होत गेली तरी कायदा तसाच राहिला, परवानाही राहिला. आजही महाराष्ट्रात एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना, वर्षाचा शंभराला आणि आजन्म हवा असेल तर हजाराला मिळतो. बंदी कडक होती तेव्हा मुंबईत दुसरी जागा तयार झाली ती आंटीच्या अड्ड्याची. धोबी तलाव, कावेल, वांद्रे इथल्या कॅथलिक वस्त्यांत, बहुतेकदा विधवा किंवा नवरा बोटीवर गेलेल्या बायका आपल्या घराच्या पुढच्या खोलीत हातभट्टीची दारू द्यायच्या.

माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंच्या आजीचा असा अड्डा कावेलमध्ये होता. त्या सांगायच्या: बाकड्यावर चार माणसं, भिंतीवर येशूची तसबीर, ताटलीत उकडलेली अंडी. माल रबरी ट्यूबमधून यायचा. ओळखीच्या माणसाने आणल्याशिवाय नव्या माणसाला दार उघडत नसत. आणि आजी कुणाला दुसरा ग्लास द्यायचा, कुणाला घरी पाठवायचं ते तोंड बघून ठरवायची. तिच्यापुढे आवाज चढवायची कुणाची टाप नव्हती. त्या पैशावर तिने तीन मुली शिकवल्या. पोलिसांचं मात्र सदैव भय. ती खोली एका बाईने चालवलेली होती, तरी दुसरी बाई तिथे येऊन बसली असं कधी झालं नाही, असंही त्या सांगायच्या.

हातभट्टीचं गोड चित्र मला रंगवायचं नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं मेली. अमेरिकेतल्या बंदीच्या काळातही हेच झालं. औद्योगिक अल्कोहोल कुणी पिऊ नये म्हणून सरकारच्या आदेशाने त्यात मिथेनॉल मिसळलं जायचं, आणि १९२६ च्या नाताळात न्यूयॉर्कमध्ये त्याने माणसं दगावली.

त्या अमेरिकेतल्या बंदीची सुरुवात बायकांनी केली होती, हे मला पंडिता रमाबाईंमुळे ठाऊक होतं. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी रमाबाई १८८६ साली फिलाडेल्फियाला आल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ हा देश फिरल्या. दारूविरुद्ध लढणाऱ्या वुमन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियनशी, तिच्या अध्यक्षा फ्रान्सिस विलार्ड यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. परत येऊन १८८९ साली त्यांनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं, त्यात या बायकांच्या कामाबद्दल मनापासून लिहिलं आहे. ही संघटना १८७४ ची. तिच्या आदल्या हिवाळ्यात ओहायोतल्या बायका सलूनच्या दारात बर्फात गुडघे टेकून प्रार्थना करायच्या, दार बंद करा म्हणून विनवायच्या. सलून म्हणजे तेव्हाचा गुत्ता. पुरुष आत, पगार आत, बायका बाहेर. आमच्या काकू जिथे उभ्या राहायच्या तिथेच त्या उभ्या होत्या.

त्यांचं म्हणणं १७ जानेवारी १९२० ला देशभर कायदा म्हणून लागू झालं. आणि झालं असं की सलून बंद पडले आणि त्यांच्या जागी छुपे अड्डे आले. त्या अड्ड्यांत मात्र बायका बसू लागल्या, कारण सगळेच जिथे कायदा मोडत होते तिथे बाईला वेगळं अडवणार कोण. न्यूयॉर्कमध्ये तर टेक्सास गिनन नावाची बाई अशा क्लबांची यजमानीण म्हणून शहरभर प्रसिद्ध होती. बंदी उठवण्याची मोठी चळवळसुद्धा बाईनेच उभी केली. पॉलिन सेबिन आधी बंदीच्या बाजूने होत्या, मुलांसाठी जग चांगलं होईल म्हणून. मग त्यांना दिसलं की मुलं कायद्याचा धाकच विसरत चालली आहेत. १९२९ साली त्यांनी बंदीविरोधी स्त्रियांची संघटना काढली, तिच्यात लाखो बायका आल्या. ५ डिसेंबर १९३३ ला बंदी उठली.

विलार्ड आणि सेबिन यांना एकमेकींच्या विरोधात मांडणं सोपं आहे. मला त्या दोघी एकाच बाजूच्या वाटतात. बाईला घरी मार बसू नये आणि बाहेर बसायला जागा असावी, या दोन मागण्या एकाच बाईच्या असू शकतात. माझ्या घरात तर त्या आहेतच.

भाचीची आई म्हणजे माझी थोरली बहीण. लग्नानंतर ती सातारा जिल्ह्यात गेली. त्यांच्या गावात दारूच्या दुकानाविरुद्ध बायकांनी मतदान मागितलं, तेव्हा ताई घरोघरी फिरली होती. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. लिहिता-वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना ती समजावून सांगायची, दुकान बंद हवं तर आडवीवर शिक्का मारायचा. नवऱ्याच्या भीतीने मतदानाला न येणाऱ्या बायकांना तिने हाताला धरून नेलं. बाटली आडवी झाली. त्या रात्री ताईचा फोन आला तेव्हा तिचा आवाज बसला होता, इतकी ती बोलली होती दिवसभर. मी त्या गावची असते तर मीही आडव्या बाटलीवरच शिक्का मारला असता. पेनिसिलिनचा ग्लास समोर ठेवूनही मला हेच म्हणायचंय.

"आईला सांगशील?" भाचीने विचारलं. हॉट डॉगचा शेवटचा घास तिच्या हातात होता. तिच्या आईला ती पिते हे माहीत नाही.

"मी गेले होते एवढं माझं सांगेन. तुझं तू सांग."

थोड्या वेळाने तिने सांगितलं की नोकरीच्या पहिल्या वर्षी ती ऑफिसच्या मुलांबरोबर मोठ्या गोंगाटाच्या बारमध्ये जायची. तिथे एकदा कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो हात कुणाचा ते तिला वळून बघेपर्यंत कळलं नाही. त्यानंतर ती कुठेही जायचं तर आधी खुर्ची आहे का ते बघते. हे तिने मला फोनवर कधी सांगितलं नसतं. आम्ही दोघी शेजारी शेजारी, समोर बाटल्यांच्या रांगेकडे तोंड करून बसलो होतो, म्हणून बोलली असेल.

बिल आलं, त्यावर इथल्या रीतीप्रमाणे वीस टक्के टिप ठेवली. बाहेर पडताना फोन बूथमध्ये दुसऱ्या दोघी शिरत होत्या, माझ्याच वयाच्या. आम्ही त्यांना आधी जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी मी ताईला फोन केला आणि सगळं सांगितलं. बूथ, उजेड, चमचा, आलं, नियम. पर्सचा हुकसुद्धा. तिने मधे एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "बायका किती होत्या?"

"निम्म्याहून जास्त."

"आणि तो टोपी काढायचा नियम पाळतात?"

तो नियम दुसऱ्या बारचा, मी म्हणाले, पण इथेही कुणाचा आवाज चढलेला नव्हता.

"पाळणारी माणसं मिळाली म्हणून चाललं तुमचं," ताई म्हणाली. "आमच्या इथे बंद झालेल्या दुकानाचा माल आता शेजारच्या गावातून मोटरसायकलवर येतो. बुधवारी तहसीलदारांकडे जायचंय आम्हाला. किती वाजता पोचलात घरी?"

साडेअकरा, ट्रेनने, दोघीच.

"बरं," ती म्हणाली, आणि तिच्या लेकीला फोन द्यायला सांगितला.